सिंहाची शेपटी विरुद्ध सडका ओंडका

मोबाइलच्या दोन मॉडेल्सची तुलना होते, दोन हिरोइन्सची होते, पुणं-मुंबईची तर जन्मभर चालू राहते. मग एका माकडाची आणि एका बुरशीची व्हायला काय हरकत आहे? हसू नका. जोडी विचित्र आहे खरी, पण सामना बघण्यासारखा आहे. आणि शेवटी कप कुणाला द्यायचा, या प्रश्नावर भल्याभल्यांची पंचाईत होते.

आधी खेळाडूंची ओळख.

एका बाजूला आहे सिंहपुच्छ माकड. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातलं. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू या तीन राज्यांबाहेर ते जगात कुठल्याच रानात सापडत नाही. निसर्ग संवर्धनाचं जागतिक खातं सांभाळणाऱ्या आययूसीएनच्या लाल यादीत त्याच्या नावापुढे ‘धोक्यात’ असा शिक्का आहे. रानात उरलेत साधारण चार हजार, त्यातले वयात आलेले अडीच हजारांहून कमी. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर सकाळच्या गर्दीतली विरार लोकल आठवा. जगातली सगळी रानटी सिंहपुच्छ माकडं त्या एका गाडीत मावतील. बसायला जागा अर्थातच मिळणार नाही.

दुसऱ्या बाजूला आहे स्किझोफायलम कम्यून. मेलेल्या लाकडावर उगवणारी, लाकूड कुजवणारी बुरशी. नखापासून दोन बोटांपर्यंत रुंदीचे छोटे छोटे पंखे, वरून राखाडी-पांढरे, लोकर चिकटवल्यासारखे. पंखा उलटा करून पाहिला की खाली करड्या-गुलाबी पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली. ‘स्किझो’ म्हणजे चिरलेलं, ‘फायलम’ म्हणजे पान, आणि ‘कम्यून’ म्हणजे, वेल, कॉमन! एलियास फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८१५ साली हे नाव पक्कं केलं. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच तिच्या कपाळावर ‘सामान्य’ असा शेरा बसला. तुम्ही तिला नक्की पाहिलंय. पावसाळ्यात सोसायटीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या गुलमोहराच्या तोडलेल्या फांदीवर ती दाटीवाटीने उगवलेली असते, आणि आपण तिच्याच शेजारी बाइक लावून लिफ्टकडे पळतो.

चला, फेऱ्या सुरू.

पहिली फेरी : लुक्स

काळंभोर, चकाकतं अंग. चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, एखाद्या जुन्या संस्थानिकाच्या कल्ल्यांसारखी. शेपटीच्या टोकाला छोटासा गोंडा, सिंहाच्या शेपटीला असतो तस्सा. गंमत म्हणजे आयाळ एवढी झोकदार असूनही याचं नाव पडलं ते शेपटीवरून. मल्याळममध्ये ‘सिंहवालन कुरंगू’, कन्नडमध्ये ‘सिंगळीक’, तमिळमध्ये ‘सोलैमंदी’.

बुरशीबद्दल काय बोलणार? भिंगाखाली ती सुंदर दिसते, पण भिंग घेऊन ऑफिसला कोण जातं? फेरी माकडाची. १-०.

दुसरी फेरी : पत्ता

सिंहपुच्छ माकडाला राहायला सदाहरित रान लागतं, तेही उंचावर, झाडांच्या शेंड्यांत. ते जमिनीवर फारसं उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर जायचं तर फांद्यांना फांद्या भिडलेल्या हव्यात. मध्ये घाटरस्ता आला, चहाचा मळा आला, विजेच्या तारांसाठी मोकळा केलेला पट्टा आला की याच्या घराचे दोन तुकडे होतात. अलीकडचा कळप अलीकडे, पलीकडचा पलीकडे. आपल्या माथेरान-महाबळेश्वरात हातातलं कणीस हिसकावणारं बॉनेट माकड याचंच चुलत भावंड. पण त्याला देवळाचं आवार चालतं, बसस्टँड चालतो. याला नाही.

आणि बुरशी? अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत. जंगलात, बागेत, लाकडाच्या वखारीत. मेलेलं लाकूड आणि थोडी ओल एवढ्या दोन अटींवर ती कुठेही संसार थाटते. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही. १-१.

तिसरी फेरी : मेनू

माकडाचा मेनू वाचायला लांबलचक आहे. फळं, फुलं, बिया, किडे, सरडे, झाडावरचे बेडूक. पण खरी गोची पुढे आहे. केरळ-तामिळनाडूच्या डोंगरांत याचा मोठा आधार म्हणजे कुलेनिया नावाचं झाड. आग्नेय आशियात उग्र वासासाठी बदनाम असलेल्या ड्युरियनच्या नात्यातलं. याची फुलं थेट फांद्यांना आणि खोडाला लागतात, फळ काटेरी असतं. फुलंही माकड खातं, काटेरी फळ फोडून बियाही खातं. कुलेनिया भरपूर तर माकड मजेत. ते झाड तोडलं की याची मेसच बंद.

वर उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी-होन्नावरच्या रानात, याच्या ताटात ‘उप्पागे’ नावाचं फळ असतं. आपल्या कोकमाचं हे सख्खं भावंड. आणि इथे, मंडळी, तुमचा-आमचा संबंध येतो. उप्पागेची साल वाळवून विकली जाते, आणि तिचा अर्क ‘गार्सिनिया कॅम्बोजिया’ या नावाने वजन घटवायच्या गोळ्यांत जातो. तेच ते, डिसेंबरात मैत्रिणीच्या लग्नाआधी आणि जानेवारीत संकल्पापोटी मागवली जाणारी बाटली. अमेरिकेत १९९८ साली १३५ जणांवर याची रीतसर चाचणी झाली. खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत आणि खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत वजनाचा म्हणावा असा फरक दिसला नाही. थोडक्यात, माकडाचं फळ आपल्या कपाटात जातं आणि आपलं पोट जागच्या जागी राहतं. उप्पागे वेचून घर चालवणाऱ्या गावकऱ्यांना याचा दोष देता येत नाही. मागणी शहरातून येते.

बुरशीचा मेनू एका शब्दाचा : लाकूड. मात्र कुठल्या झाडाचं, याबद्दल तिचे नखरे नाहीत. आंबा, गुलमोहर, रबर, ओक, काय वाटेल ते. लाकडातला सगळ्यात चिवट भाग, म्हणजे लिग्निन, मोडण्यात ती तशी कच्ची आहे. तिची जनुकं २०१० साली उलगडली, तेव्हा त्या कामाची काही मुख्य अवजारं तिच्याकडे नाहीतच, असं दिसलं. पण नुकतंच मेलेलं, उन्हात पडलेलं लाकूड दिसलं की पहिल्या बसने पोहोचणाऱ्यांत ती असते. अवघड काम मागून येणाऱ्या इतर बुरश्या करतात. फेरी बुरशीची. २-१.

चौथी फेरी : लग्न आणि मुलं

सिंहपुच्छ मादी साधारण सहा-साडेसहा वर्षांची झाली की पहिलं पिल्लू होतं. एका वेळी एकच. पुढचं पिल्लू साधारण अडीच-तीन वर्षांनी. दहा-वीस जणांच्या कळपात बहुतेक वेळा एकच मोठा नर. म्हणजे एखाद्या वर्षी रस्त्यावर दोन माद्या गेल्या तर ती भरपाई व्हायला वर्षं लागतात. ‘पटकन रिक्रूटमेंट करून टाकू’ असा पर्यायच नाही.

बुरशीची गोष्ट ऐकून मॅट्रिमोनियल साइटवाल्यांना घाम फुटेल. आपल्याकडे स्त्री आणि पुरुष. हिच्याकडे वीण जुळवण्याचे २३,३२८ प्रकार! आकडा हवेतला नाही. जोडी जुळते की नाही हे चार जनुक-जागा ठरवतात. त्यांचे अनुक्रमे नऊ, बत्तीस, नऊ आणि नऊ प्रकार. करा गुणाकार. यांना नर-मादीसारखं ‘लिंग’ म्हणणं तितकंसं बरोबर नाही, शास्त्रज्ञ ‘मेटिंग टाइप’ म्हणतात. पण परिणाम काय, तर जगाच्या पाठीवर कुठलेही दोन परके धागे भेटले की बहुतेक वेळा त्यांचं जमतंच. पत्रिका नाही, पॅकेज नाही, ‘मुलगा परदेशात का?’ नाही. ३-१.

पाचवी फेरी : टिकाव

ऊन वाढलं की या बुरशीचे पंखे आक्रसतात, चिरलेल्या पट्ट्या आतल्या आत वळून नाजूक भाग झाकून घेतात. पाऊस पडला की पुन्हा उलगडतात, आणि बीजाणू सोडायचं काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू. हे किती दिवस चालू शकतं? ए. एच. आर. बुलर नावाच्या संशोधकाने वाळलेले नमुने १९११ साली हवा काढलेल्या काचनळीत बंद करून ठेवले. पन्नास वर्षांनी नळी उघडून त्यांना ओल दिली, तर पट्ट्या उलगडल्या आणि बीजाणू बाहेर पडू लागले. पन्नास वर्षं सुट्टीवर जाऊन सोमवारी सकाळी वेळेवर कामावर हजर!

माकडाला एक वाईट हंगाम पुरतो. ४-१.

सहावी फेरी : फॅन फॉलोइंग

इथे माकडाचा षटकार. केरळच्या पालक्काड जिल्ह्यातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधायचं ठरलं होतं. १९७३ साली योजना आयोगाची मंजुरी मिळाली, १२० मेगावॉट वीज मिळणार होती. त्या खोऱ्यात सिंहपुच्छ माकडांचं रान होतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी सभा घेतल्या. कवयित्री सुगतकुमारी यांच्यासारखे लेखक रस्त्यावर उतरले. १९७८ साली थेट सोव्हिएत संघातल्या अश्गाबादला आययूसीएनच्या महासभेत या माकडासाठी ठराव झाला. ‘माकड मोठं की माणूस?’ हा टोमणा तेव्हा भरपूर ऐकवला गेला. वीज हवी असणारेही खलनायक नव्हते, त्यांच्या गावात खरोखर अंधार होता. अखेर एम. जी. के. मेनन समितीच्या अहवालानंतर १९८३ साली प्रकल्प गुंडाळला गेला, आणि १९८४ च्या नोव्हेंबरात सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान झाली.

एका माकडाच्या चेहऱ्याने एक अख्खं खोरं वाचवलं. बुरशीसाठी आजवर कुणी धरणं धरल्याचं ऐकलंय? तिचे चाहते आहेत, पण ते जेवणाच्या पानावर. मणिपूरमध्ये तिला ‘कांगलायेन’ म्हणतात आणि चवीने खातात, मिझोराममध्ये ती ‘पासी’. जपानमध्ये तिच्यापासून काढलेलं एक द्रव्य कर्करोगाच्या रेडिएशन उपचाराला जोड म्हणून वापरलं गेलं. सीव्ही दमदार, पण पीआर शून्य. ४-२.

आता निकाल

स्कोअरबोर्ड बघितला तर बुरशी सरळ जिंकली. मॅनेजमेंटच्या भाषेत सांगायचं तर ती मल्टि-स्किल्ड आहे, कुठल्याही लोकेशनला जॉइन होते, मागण्या कमी, आउटपुट जास्त. माकड म्हणजे एकाच डेस्कवर, एकाच खिडकीशी, एकाच डब्यावर अडून बसलेला स्पेशलिस्ट. अप्रेझलला कुणाला बढती मिळेल, सांगायला नको.

पण थांबा. आपण मार्क कशाला दिले, ते पुन्हा बघा. कुठेही राहता येणं, काहीही खाता येणं, भराभर वाढता येणं, वाटेल ते सोसता येणं. या फूटपट्टीने मोजलं तर कबुतर मोरापेक्षा सरस, झुरळ फुलपाखरापेक्षा सरस. आणि या फूटपट्टीने निवडलेलं जग कसं दिसतं, ते कल्पनेत बघायची गरज नाही. आपण त्यातच राहतो. खिडकीच्या एसीवर कबुतरं, कचराकुंडीवर कावळे, मोरीत झुरळं, तोडलेल्या फांदीवर स्किझोफायलम. सगळे आपापल्या जागी उत्तम, हुशार, कामसू. फक्त सगळीकडे तेच ते.

त्याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. कुलेनियाचं झाड तोडलं, ओंडका उन्हात पडला, की त्या दिवशी या बुरशीची दिवाळी असते. तिला हवं असतं तेच, नुकतंच मेलेलं, उघड्यावरचं लाकूड, तिला मिळतं. माकडाचं घर पडतं तेव्हा हिचं गृहप्रवेशाचं आमंत्रण निघतं. यात तिचा काही दोष नाही, तिने कुऱ्हाड चालवलेली नाही. पण ‘निसर्ग काय, कुठूनही उगवतो, बघा सिमेंटच्या फटीतही हिरवळ आली’ असं म्हणत निर्धास्त होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जे उगवतं ते बहुतेक वेळा कुठेही उगवणारंच असतं. जे एकाच ठिकाणी जगू शकतं, ते गेलं की त्याच्या जागी तेवीस हजार मेटिंग टाइप मिळूनही एक सिंहपुच्छ माकड उभं करता येत नाही.

म्हणून मग बुरशी ही व्हिलन? छे! धड, अखंड रानात हे दोघं एकाच टीममध्ये खेळतात. फांदी मरते. स्किझोफायलम आणि तिच्या मागून येणाऱ्या बुरश्या ती मऊ करतात. मऊ लाकडात, सुटलेल्या सालीखाली अळ्या-किडे घर करतात. सिंहपुच्छ माकड साली सोलून, भेगा उकरून ते वेचून खातं. उरलेलं लाकूड भुगा होऊन मातीत जातं आणि तिथूनच पुढच्या झाडाचं जेवण येतं. माकड गालाच्या पिशव्यांत फळं भरून दुसरीकडे नेतं, वाटेत बिया थुंकतं. कुजवणारं कुणीच नसतं तर मेलेल्या लाकडाच्या ढिगाऱ्यात जिवंत झाडाला जागा उरली नसती.

आणि सगळ्याच बुरश्या कॉमन नाहीत, बरं का. मार्च २०२५ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत नोंदवलेल्या बुरश्यांचा आकडा १,३०० पर्यंत पोहोचला. त्यातल्या ४११ जातींना नामशेष होण्याचा धोका आहे. जुनं रान, जुनं लाकूड लागणाऱ्या बुरश्या माकडाच्याच होडीत बसल्या आहेत. त्यांना चेहरा नाही, आयाळ नाही, म्हणून फोटो छापून येत नाही, इतकंच. तेव्हा खरी विभागणी माकड आणि बुरशी अशी नाहीच. कुठेही जगणारे एकीकडे, घर गेलं की जाणारे दुसरीकडे.

सायलेंट व्हॅलीची लढाई १९८४ साली संपली असं वाटत असेल, तर कर्नाटकाकडे बघा. २०१९ साली तिथे शरावती खोऱ्यात या माकडाच्या नावाने अभयारण्य झालं. आणि त्याच खोऱ्यात २,००० मेगावॉटच्या पंप्ड स्टोरेज वीज प्रकल्पाचा प्रस्ताव आला. त्यावरून २०२५ साली पुन्हा तोच वाद रंगला. वीज कुणाला नको? हा लेख ज्या एसीत वाचताय तोही विजेवरच चालतो. पण ‘चार हजार माकडांसाठी एवढं कशाला’ असं कुणी लंच टेबलवर म्हणालं तर त्याला सांगा, माकड हे फक्त दारावरची पाटी आहे. आतलं घर त्याहून बरंच मोठं आहे.

तामिळनाडूत वालपराईला तर ही पाटी रस्त्यावर आली आहे. चहाच्या मळ्यांनी वेढलेल्या रानाच्या तुकड्यांतले कळप आता जमिनीवर उतरतात, रस्ता ओलांडतात, घरांत शिरतात, कचरापेट्या उपसतात. माकड ‘कॉमन’ व्हायचा प्रयत्न करतंय म्हणा ना. त्याची किंमत ते गाड्यांखाली येऊन मोजतं. तिथे रस्त्यावरून झाडाला झाड जोडणारे झुलते पूल बांधले गेलेत, आणि माकडं ते वापरतात. थोडी मदत केली तर स्पेशलिस्टही टिकतो, एवढा त्याचा अर्थ.

जाता जाता

लाँग वीकेंडला वालपराई किंवा शिरसीकडे जाणार असाल तर रानातून जाताना गाडी हळू चालवा आणि खिडकीतून वेफर्स देऊ नका. फोटो छान येईल, पण त्या माकडाला रस्त्याची सवय लागेल.

वजन घटवायची बाटली मागवण्याआधी लेबलवर गार्सिनिया आहे का बघा, आणि मग त्याऐवजी जिने चढा.

आणि या पावसाळ्यात सोसायटीतली ती तोडलेली फांदी उचलून न्यायची घाई करू नका. कंपाउंडच्या कोपऱ्यात, कुणाच्या पायात येणार नाही अशी राहू द्या. सेक्रेटरीकाका ‘कचरा झालाय’ म्हणून कुरकुरतील, त्यांना एक पंखा उलटा करून चिरलेल्या पट्ट्या दाखवा. मात्र हुंगायला नाकाशी नेऊ नका. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसांच्या फुप्फुसात ही बाई क्वचित घुसल्याच्या नोंदी आहेत. तिला काय, कुठेही घर चालतं!